मे महिन्यात पाणी कोण घालणार?

वाचकांचे प्रश्न : शाळेची परसबाग

शहरातल्या शाळांच्या मागे ओस पडलेल्या बागा पुन्हा उभ्या करू पाहणाऱ्या वाचकांची पत्रे या अंकासाठी एकत्र घेतली आहेत. अंक एप्रिलमध्ये हातात पडेल, म्हणून जूनआधी उरकायच्या कामांवर जास्त भर दिला आहे.

प्रश्न : आमच्या मुलांच्या महापालिका शाळेमागे ४० फूट बाय २५ फूट जागा आहे. चार वर्षांपूर्वी तिथे परसबाग होती, तिची पाटी अजून उभी आहे. आता कमरेएवढे गाजर गवत माजले आहे. जूनमध्ये पुन्हा सुरू करावी असे आम्हा काही पालकांना वाटते. सुरुवात कुठून करावी?
– पालक, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, हडपसर, पुणे

उत्तर : कुदळ हातात घेण्याआधी जुनी बाग कशाने गेली ते विचारून घ्या. शाळेचे शिपाई, पोषण आहार वाढणाऱ्या ताई आणि कुंपणाला लागून राहणारे शेजारी या तिघांना ते नेमके ठाऊक असते. बहुतेक शाळांत गोष्ट एकसारखीच निघते. जूनमध्ये लावणी झाली, गणपतीपर्यंत बाग हिरवीगार होती, दिवाळीच्या सुट्टीत अर्धी वाळली आणि उरलेली मेमध्ये गेली. मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत शाळा बंद, फाटकाला कुलूप आणि नळाची किल्ली कपाटात. माती, बियाणे, खत यांपैकी कशाचाही यात दोष नसतो.

त्यामुळे बागेचा आराखडा मे महिन्यापासून मागे मागे करत या. मेमध्ये भाजी ठेवायचीच नाही. एप्रिलअखेर सगळे वाफे काढून घ्या आणि वाळक्या पाल्याचा चार इंच थर देऊन झाकून टाका. मागे फक्त बारमाही झाडे राहतील : कढीपत्ता, शेवगा, केळी, अळू, एखादे लिंबू. त्यांना आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी दिले की भागते. केळी आणि अळू मात्र सावलीच्या, ओल टिकणाऱ्या कोपऱ्यात हवेत. सहा आठवडे, आठवड्याला दोन पाळ्या, म्हणजे सगळ्या मिळून बारा पाळ्या. बारा घरे शोधा. एका घराला सुट्टीत एकच सकाळ द्यायची असेल तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. एकाच उत्साही माणसाच्या गळ्यात बाराही पाळ्या पडल्या की तो गावी जातो आणि बाग जाते. बुधवार आणि रविवार असे वार ठरवून नावे कागदावर लिहा आणि हा कागद शाळा सुरू असतानाच फाटकावर लावा.

आता परवानगीचे पाहू. शाळा महापालिकेची असल्याने जागा शाळेच्या मालकीची नसते. व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घ्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत पाऊणहिस्सा पालक असतात, त्यामुळे ठराव जड जाऊ नये. ठरावाची प्रत जोडून मुख्याध्यापकांमार्फत शिक्षण विभागाला पत्र द्या. ठरावात तीन गोष्टी स्पष्ट असू द्या : फाटकाची दुसरी किल्ली कोणाकडे राहील, सुट्टीत कोणता नळ चालू राहील, आणि शाळेच्या वेळेत बाहेरची माणसे आत कशी येतील. शेजाऱ्यांची नावे वहीत नोंदवून घ्या आणि मुलांसोबत कधीही एकटा मोठा माणूस नको, किमान दोघे हवेत, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. उभे झाड तोडायचे असेल तर नागरी भागात १९७५ च्या झाडांच्या संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. फांद्या छाटण्याआधीही चौकशी करा.

हजार चौरस फूट जागा आहे म्हणून सगळी खणू नका. पहिल्या वर्षी दहा फूट लांब, तीन फूट रुंद असे चारच वाफे करा आणि मध्ये दोन फुटांची वाट ठेवा. तीन फुटांपेक्षा रुंद वाफ्यात मुलांचा हात मधोमध पोहोचत नाही, मग ती वाफ्यात पाय देतात आणि माती दबते. पहिली-दुसरीची मुले असतील तर अडीच फूटच ठेवा. उरलेल्या जागेतले गवत कापत राहा, एवढे पुरे.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या गटाने शेजारच्या शाळेचे आवार साफ करायचे ठरवले आहे. गाजर गवत, दगडांचे ढीग, काचा, सगळेच आहे. कसे करावे?
– स्वयंसेविका, नाशिक

उत्तर : पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नोंदले गेलेले गाजर गवत आज महाराष्ट्रातल्या प्रत्येक पडीक जागेवर आहे. त्याच्या स्पर्शाने अंगावर पुरळ उठते आणि परागांनी दमा उफाळतो. दमा किंवा त्वचेची ॲलर्जी असलेल्यांना या कामावर घेऊच नका, त्यांना नोंदी, मोजमाप, रोपे अशी कामे द्या. बाकीच्यांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट, रबरी हातमोजे, बंद बूट आणि नाका-तोंडावर मास्क घालावा. कोयत्याने वरून कापले तर बुंध्यातून पुन्हा फुटते. पाणी मारून आदल्या दिवशी जमीन ओली करा आणि मुळासकट उपटा. फुलाआधी उपटलेले खतात चालते. फुलावर आलेले खतात टाकू नका, त्याचे हजारो बी वाफ्यात परत येईल. ते पोत्यात भरून कचरागाडीला वेगळे द्या. एकदा उपटून भागत नाही. पहिल्या पावसानंतर नवे उगवते आणि महिना-दीड महिन्यात फुलते, म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यात दुसरी फेरी आताच ठरवा.

दगड-विटांच्या ढिगात हात घालू नका. अशा ढिगांत विंचू असतात आणि उंदीर असले की मागोमाग साप येतो. ढीग लांब दांड्याच्या दाताळ्याने, एका बाजूने, वरून खाली ओढत मोकळा करा. दगड पलीकडे नव्हे, त्याची पलीकडची कड उचलून स्वतःच्या दिशेने उलटवा, म्हणजे खालच्या विंचू-सापाच्या आणि तुमच्या मध्ये दगड राहतो. साप दिसला तर सगळ्यांनी लांब व्हायचे, एकाने लांबूनच नजर ठेवायची आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचे. चावला तर बांधणे, चिरणे, चोखणे यांपैकी काहीच करू नका. तो अवयव हलू न देता १०८ ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठा. काच किंवा गंजका पत्रा लागला तर धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी त्याच दिवशी करा. शाळेतल्या लहान मुलांना सफाईच्या दिवशी आत घेऊच नका, त्यांचे काम माती भरल्यावर सुरू होते.

हरळी आणि लव्हाळा असेल तर एप्रिल-मेचे ऊन कामाला येते. वाफ्याची जागा खणून सपाट करा, भरपूर पाणी द्या, पारदर्शक प्लास्टिक जमिनीला चिकटवून पसरा आणि चारी कडा मातीत गाडा. चार ते सहा आठवडे हलवू नका. काळे प्लास्टिक नको, पारदर्शकाखाली माती जास्त तापते. एवढे करूनही लव्हाळ्याच्या खोलवरच्या गाठी मरत नाहीत आणि त्याचे टोक प्लास्टिक भोकसून वर येते. त्या गाठी दर दोन-तीन आठवड्यांनी खुरप्याने खणून वेचाव्याच लागतात. सेवा योजनेत वर्षाला १२० तास भरायचे असतात. ते सगळे एका शिबिरात न संपवता थोडे या फेऱ्यांसाठी राखून ठेवा.

प्रश्न : शाळेच्या जुन्या बागेत दोन वर्षे रोपे लावतोय. नवी पाने पिवळी पडतात, वाढ होत नाही. शेणखत घातले, फरक नाही. खणले की सिमेंटचे तुकडे लागतात.
– शिक्षक, कल्याण

उत्तर : तुमची बाग बहुधा राडारोड्यावर उभी आहे. इमारतीच्या कामाचा उरलेला चुना-सिमेंट मातीत मिसळला की ती अल्कधर्मी होते आणि मातीत असलेले लोहसुद्धा मुळांना मिळत नाही. खूण सोपी आहे. नवी, वरची पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील तर लोहाची अडचण. खालची जुनी पाने सबंध पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता. तुमचे वर्णन पहिल्या प्रकाराचे आहे, म्हणूनच नुसत्या शेणखताने फरक पडला नाही.

खात्रीसाठी माती तपासून घ्या. पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्या, त्याच्या उभ्या बाजूची माती तासून काढा आणि सगळी एकत्र करा. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे, असे अर्धा किलो उरेपर्यंत करा. सावलीत वाळवून कृषी महाविद्यालयाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत द्या. सामू (पीएच) ८.५ च्या वर आला तर त्या मातीशी भांडत बसू नका, तिच्यावर उंच वाफे बांधा.

त्याआधी निचरा बघा. फूटभर खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाभरात पातळी इंचभरही उतरली नाही तर कल्याणच्या पावसात तिथे डबके होणार. अशा जागी वाफ्याची उंची फूटभर घ्या, इतरत्र नऊ इंच पुरतात. कडेला जुन्या विटा उभ्या रचा, सिमेंटने सांधू नका, फटींतून पाणी निघू द्या.

दहा बाय तीनच्या नऊ इंची वाफ्यात साडेबावीस घनफूट माती लागते, चार वाफ्यांना नव्वद, म्हणजे एक ब्रासला (शंभर घनफुटांना) थोडी कमी. दोन भाग पोयट्याची माती आणि एक भाग मुरलेले खत हे प्रमाण ठेवा. खताच्या ४०-५० किलोच्या साधारण दहा गोण्या होतात. पावसाळ्यात भर बरीच खाली बसते, म्हणून दोन-तीन गोण्या मागे ठेवा. माती टाकून घेण्याआधी टेम्पोत चढून पाहा. पायाभरणीचा मुरूम ‘लाल माती’ म्हणून सर्रास विकला जातो. मूठभर ओली करून गोळा वळा : वळला आणि बोटाने दाबल्यावर फुटला तर घ्या, वळलाच नाही तर परत पाठवा. रंगाचे पोपडे सुटणाऱ्या जुन्या भिंतीपासून वाफे चार-पाच फूट दूर ठेवा. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि पालेभाजीवर त्याची धूळ बसते.

प्रश्न : आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येते. बागेला कुठून द्यायचे? शाळेत १५० मुले आहेत.
– मुख्याध्यापक, सोलापूर

उत्तर : मुले जेवणाआधी हात धुतात तेच बागेचे पाणी आहे. एका मुलामागे अर्धा लिटर धरले तरी रोज ७५ लिटर होते. चार वाफे म्हणजे साधारण अकरा चौरस मीटर. उन्हाळ्यातही चौरस मीटरला पाच लिटर, म्हणजे ५५ लिटर पुरतात, तेही तीन इंच पाल्याचे आच्छादन असेल तर. आच्छादन नसेल तर सोलापूरच्या उन्हात हा हिशेब कोलमडतो.

हात धुण्याचे पाणी आणि ताटे धुण्याचे पाणी मात्र वेगळे करा. ताटांच्या पाण्यात तेल आणि शिते असतात, ती मातीची छिद्रे बुजवतात आणि दोन दिवसांत वास मारतो. ते पाणी केळी आणि कर्दळीच्या आळ्याला सोडा. हातांचे पाणी दोनशे लिटरच्या पिंपातून गाळून घ्या : तळाला जाड खडी, वर बारीक खडी, सर्वांत वर अर्धा फूट वाळू आणि तोंडाला शिते अडवणारी जाळी. वाळूचा वरचा इंचभर थर दर पंधरवड्याला धुवावा लागतो, नाहीतर पिंप तुंबते आणि लोक ते बंद करून टाकतात. हे पाणी साठवू नका, त्याच दिवशी मातीत द्या, पानांवर नको. काकडी, मुळा, कोथिंबीर अशा कच्च्या खायच्या भाज्यांना तर मुळीच नको. त्यांचा वाफा नळाच्या किंवा पावसाच्या पाण्यावर ठेवा.

पाच फुटी चौथऱ्यावर टाकी ठेवून ठिबक करता येते, पण दाबाचा हिशेब समजून घ्या. पाच फुटांवरून दाब मिळतो चौरस सेंटीमीटरला ०.१५ किलो, आणि ड्रिपर बनवलेले असतात एक किलोसाठी. त्यामुळे ताशी चार लिटरचा साधा ड्रिपर दीड लिटरच्या आसपासच देतो. चार वाफे, प्रत्येकी १६ मिलिमीटरच्या दोन नळ्या, फुटाफुटावर ड्रिपर, असे ८० ड्रिपर झाले. अर्धा तास सोडले की ६० लिटर जातात. दुकानदार दाब-नियंत्रित ड्रिपर देऊ लागला तर घेऊ नका, ते एवढ्या कमी दाबावर नीट चालत नाहीत. टाकीखाली जाळीचा फिल्टर हवाच. तो आठवड्याला धुवा आणि त्याच वेळी नळ्यांची टोके उघडून गाळ बाहेर काढा. क्षारांचे पाणी असेल तर ड्रिपर बुजतात. उघडणारे ड्रिपर घेतले तर मुले ते सौम्य ॲसिडऐवजी व्हिनेगरमध्ये बुडवून स्वच्छ करू शकतात.

पिंप, टाकी, बादली, काहीही उघडे नको. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो. शनिवारी सगळी भांडी रिकामी करून घासायची हा नियम करा. बागेमुळे डास झाले अशी एक तक्रार गेली की बाग बंद पडायला वेळ लागत नाही.

प्रश्न : आमच्या गणेश मंडळाची पोरे पहिल्या रविवारी चाळीस आली, चौथ्या रविवारी तीन. काय चुकते?
– मंडळ कार्यकर्ता, कोल्हापूर

उत्तर : चाळीस जणांना पुरेल एवढे काम बागेत एकाच दिवशी असते, सफाईच्या किंवा माती भरण्याच्या. त्यानंतर आठवड्याला दोन-तीन माणसांचे तासभर काम उरते. तिथेही सगळ्यांना बोलावले तर पस्तीस जण नुसते उभे राहतात आणि उभा राहिलेला मुलगा परत येत नाही. तेव्हा तीन आले ते बरोबरच आले, फक्त ते तीन दर आठवड्याला तेच नकोत. चाळिसांचे दहा गट करा, प्रत्येकाला अडीच महिन्यांतून एक आठवडा द्या. प्रत्येक गटात एक सायकल-दुरुस्ती किंवा नळकामात हात बसलेला मुलगा ठेवा. ठिबकची नळी निसटली तर आठवडाभर वाट पाहावी लागू नये.

पोरांना निर्णयही द्या. कोणता वेल मांडवावर चढवायचा, मांडव कुठे घालायचा हे त्यांनी ठरवावे. मंडपाचे बांबू आणि सुतळी मंडळाकडे असतातच. वेलांना सहा फूट उंचीचा मांडव घाला, खालून मुले उभी जाऊ शकतात आणि दोडके डोळ्यांसमोर लोंबतात. गणपतीनंतरचे निर्माल्यही बागेत येऊ द्या, मात्र दोरे, प्लास्टिक, थर्माकोल, चमकी आणि रंग दिलेली फुले आधी वेचून काढा. हे वेचायचे काम मंडळाने विसर्जनाच्या ठिकाणीच करावे. शाळेत आणून ढीग टाकला तर तो तसाच राहतो. शेजारच्या ज्येष्ठ नागरिक संघाला सकाळची फेरी द्या. आजोबा सहाला फिरायला निघतातच, आणि मावा किंवा भुरी पहिल्यांदा त्यांच्याच नजरेला पडते.

प्रश्न : केव्हा काय पेरावे? मुलांना लवकर काहीतरी दिसले पाहिजे.
– शिक्षिका, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : जूनमध्ये एक वाफा लाल माठ टाका, २५-३० दिवसांत काढणी. दुसऱ्यात भेंडी : दीड फुटांवर ओळी, फुटावर टोकण, एका ठिकाणी दोन बिया. बी आदल्या रात्री भिजवा. दीड महिन्यात पहिला तोडा मिळतो, मग एक दिवसाआड तोडावीच लागते, नाहीतर जून होते आणि झाड फळ धरायचे थांबते. तिसऱ्यात गवार आणि चवळी, कडेला अंबाडी. चौथ्यात मांडवावर दोडका आणि कारली. मेथी-कोथिंबीर भर पावसात कुजते, ती दिवाळीनंतर घ्या, पालक आणि मुळ्याबरोबर. तीस चौरस फुटांना मेथीचे ४०-५० ग्रॅम बी पुरते. वांगी-टोमॅटोचे बी सप्टेंबरअखेर टाकले तर सुट्टीआधी रोपे चार आठवड्यांची होतात. सुट्टीत त्यांचा ट्रे कोणाच्या तरी गच्चीत जाऊ द्या.

पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी धरलेली आहे. चार वाफ्यांतून दीडशे मुलांची रोजची भाजी निघत नाही, तसे आश्वासन कोणाला देऊ नका. शिवाय शहरात बऱ्याच शाळांना मध्यवर्ती स्वयंपाकघरातून शिजवलेले अन्न येते, तिथे बागेतली भाजी खिचडीत घालताच येत नाही. अशा शाळेत आठवड्याला एका वर्गाला जुडी घरी न्यायला द्या. माठाची जुडी हातात घेऊन घरी गेलेले मूल तो माठ बहुधा खाते.

कीड पडली तर पाच टक्के निंबोळी अर्क वापरा : लिटरला ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबणचुरा घालून संध्याकाळी फवारा. रासायनिक औषध शाळेच्या आवारात आणूच नका, डबासुद्धा नाही. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असतो. फवारणीने झाड बरे होत नाही, ते उपटून टाका.

प्रश्न : खताच्या खड्ड्याला वास येतो, शेजारी तक्रार करतात.
– पालक, ठाणे

उत्तर : खड्डा बुजवा. शहरातल्या शाळेत जमिनीवरची जाळी बरी. दहा फूट लांब, तीन फूट उंच जाळीचा तुकडा गोल वळवला की तीन फूट व्यासाचा पिंजरा होतो. अर्धा फूट वाळका पाला, त्यावर घमेलेभर ओला कचरा, त्यावर शेणकाला, पुन्हा पाला, असे थर द्या. वास येतो तो ओले जास्त आणि हवा कमी झाल्याने : कोरडा पाला मिसळा आणि उलथापालथ करा. मुंग्या लागल्या तर ते फार कोरडे आहे. मूठ दाबल्यावर पाणी टपकू नये, पण तळवा ओला व्हावा. तीन-चार महिन्यांत खत मिळते. शिजलेले अन्न टाकू नका, उंदीर येतात.

प्रश्न : शाळेच्या कुंपणाला चंद्रज्योत आहे. गुरे-शेळ्या खात नाहीत म्हणून ठेवावी का?
– शेजारी, अमरावती

उत्तर : नाही, ती या महिन्यातच काढा. तिच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात, मुले त्या वाटून खातात आणि मग एकाच वेळी अनेकांना उलट्या-जुलाब सुरू होतात. अशा वेळी घरगुती उपायांनी उलटी करवू नका, बी सोबत घेऊन रुग्णालयात जा. झाडे मुळासकट काढल्यावर खाली पडलेल्या बियाही वेचा. धोत्रा, गुंज, एरंड आणि पिवळी कण्हेर यांनाही शाळेत जागा नाही. कुंपणाला अडुळसा लावा, शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत.

शेवगा लावणार असाल तर तो खेळाच्या जागेपासून लांब, कारण फांदी ठिसूळ असते. तीन-चार फुटांवर शेंडा मारत राहा म्हणजे पाला हाताला येतो. पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजके बसतात, त्यांच्या केसांनी अंगाची आग होते. त्या आठवड्यात मुलांना झाडाजवळ जाऊ देऊ नका. मोठ्यांनी हातमोजे घालून अळ्या साबणाच्या पाण्यात खरवडून काढाव्यात.

प्रश्न : बागेत वांगी धरली की रात्रीत नाहीशी होतात. कुंपण उंच करावे का?
– शाळा समिती, नागपूर

उत्तर : कुंपणाआधी एक वाफा रस्त्याच्या बाजूला, सर्वांसाठी म्हणून करून पाहा. कढीपत्ता, गवती चहा, पुदिना, ओवा अशा घराला रोज लागणाऱ्या गोष्टी त्यात लावा आणि ‘हवे तेवढे न्या’ अशी पाटी लावा. आतल्या वाफ्यांवर वर्गाचे नाव लिहा : ‘पाचवी ब ची वांगी, शुक्रवारी तोडणी’. ती कोणाची आणि कधी तोडायची हे वाचल्यावर नेणारा हात पुष्कळदा थांबतो. आणि वांगी वेळेवर तोडा, झाडावर आठ दिवस लोंबत ठेवलेले वांगे जून होते आणि नको त्या नजरेतही भरते. तुमच्या सुट्टीच्या पाळ्यांत त्या रस्त्यावरच्या दोन घरांना घ्या. नागपूरला शाळा उशिरा उघडते, तेव्हा पाळ्या बारा नव्हेत, सोळा धरा.